फीड की न्यूजलेटर? आधी साइट किती लिहिते ते बघा

महिन्यातून एकदा लिहिणारा ब्लॉग आणि दिवसभर बातम्या ओतणारी साइट, दोघांना एकच उपाय लावला की गडबड होते. मी तेच केलं होतं. फीड रीडर, म्हणजे निवडलेल्या साइटवरचं नवं लेखन एका जागी दाखवणारं ॲप, नवा होता, उत्साह दांडगा होता. एका बातम्यांच्या साइटची मुख्य पान, क्रीडा, अर्थ अशी सगळी फीड्स घेऊन टाकली. चार दिवसांनी रीडर उघडला तर न वाचलेल्यांचा आकडा हजाराच्या पुढे, आणि ज्या ब्लॉगसाठी हा खटाटोप केला त्याची एकुलती एक पोस्ट त्या ढिगाऱ्यात कुठेतरी गाडली गेलेली.

फीड म्हणजे साइटनं ठेवलेली एक साधी फाइल. ताज्या मजकुराची यादी. प्रत्येकाचं शीर्षक, दुवा, तारीख. रीडर ठरावीक वेळानं तिथे जाऊन विचारतो, काही नवीन आहे का? नसेल तर बहुतेक सर्व्हर '३०४' एवढा आकडा सांगून त्याला परत पाठवतात. फीड लिहायच्या पद्धती दोन: आरएसएस १९९९ मध्ये नेटस्केपकडून आलं, ॲटमचं प्रमाण २००५ मध्ये ठरलं. दोन्हींत काय फरक याच्या वादात शिरू नका, रीडरला दोन्ही वाचता येतात.

न्यूजलेटरचं उलटं. इथे तुम्ही आणायला जात नाही, ते तुमच्याकडे येतं, आणि त्यासाठी ईमेल पत्ता द्यावा लागतो. अनेक न्यूजलेटरांत डोळ्यांना न दिसणारं एक चित्र असतं. त्यावरून तुम्ही मेल उघडलात का आणि कधी, हे पाठवणाऱ्याला कळतं. सोडायचं ठरवलं की तळाशी बारीक अक्षरातला 'अनसबस्क्राइब' शोधा, मग का सोडताय ते सांगा. फीड यादीतून काढलं की विषय संपला, समोरच्याला पत्ताही लागत नाही.

तरी रोजच्या बातम्यांसाठी मी न्यूजलेटरच घेईन. कुणीतरी बसून त्यातल्या आठ-दहा निवडलेल्या असतात, आणि ते वाचून संपतं. बातम्यांचं फीड संपत नाही. क्वचित लिहिणाऱ्यांसाठी मात्र फीडला तोड नाही: सहा महिने गप्प बसलेला ब्लॉग अचानक बोलला तरी पोस्ट समोर येते. सोशल मीडियावर फॉलो करणं हा तिसरा मार्ग, पण कुणाचं काय दाखवायचं हे तिथे दुसराच ठरवतो, म्हणून तो मी धरत नाही.

रीडर निवडतानाही हाच प्रश्न विचारा, साइट किती लिहिते? फीडमध्ये सगळा जुना मजकूर नसतो. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या १० पोस्ट असतात. नेटन्यूजवायर किंवा थंडरबर्डसारखा रीडर फक्त तुमच्या यंत्रावर चालत असेल आणि तुम्ही आठवडाभर तो उघडला नाही, तर मधल्या काळात ११ पोस्ट टाकणाऱ्या साइटची एक पोस्ट तुमच्यापर्यंत येतच नाही. फीडली, इनोरीडर यांसारख्या सेवा तुम्ही झोपलेले असतानाही फीड तपासत राहतात, शिवाय फोनवर वाचलेलं संगणकावरही वाचलेलं दिसतं. बदल्यात तुम्ही काय वाचता याची यादी त्यांच्याकडे राहते, आणि फुकट खात्यात किती फीड्स घेता येतील यावर मर्यादा असते. स्वतःचा सर्व्हर सांभाळायची हौस असेल तर त्यावर चालवायचा फ्रेशआरएसएस हा रीडर आहे. ती नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. वीस-पंचवीस संथ ब्लॉग आणि एकच यंत्र असेल, तर नुसतं ॲप भरपूर झालं.

काहीही घेतलंत तरी ओपीएमएल निर्यात आहे का ते पहिल्याच दिवशी करून बघा. ही तुमच्या सगळ्या फीड्सची यादी असलेली एक छोटी फाइल. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ज्यांनी ती वेळेत उतरवून घेतली होती त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवायला काही मिनिटं लागली.

फीडचं बटण अनेक साइटवर दिसत नाही, फायरफॉक्सनंही आपली अंगभूत सोय २०१८ च्या अखेरीस काढली. म्हणून फीडच नाही असं समजू नका. साइटचा पत्ता रीडरमध्ये चिकटवा, बहुतेक वेळा तो स्वतःच शोधतो. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं. काही साइट मात्र फीडमध्ये दोनच ओळी देऊन बाकी वाचायला आपल्याकडे बोलावतात. तिथे फीडला फक्त निरोप्या समजा.

आणि एखाद्याचं न्यूजलेटरच असेल, फीड नसेल, तर 'किल द न्यूजलेटर' नावाची फुकट सेवा एक वेगळा ईमेल पत्ता आणि त्याचं फीड करून देते. तो पत्ता देऊन नोंदणी करा. नोंदणी पक्की करायचा मेल मात्र इनबॉक्समध्ये शोधत बसू नका, तोही फीडमध्येच येतो.