जुनी इलेक्ट्रिक गाडी: चौदा महिन्यांनंतर

गाडी २०२० ची, घेतली तेव्हा ६१ हजार किलोमीटर चाललेली. आज ७८ हजार. पुण्यात रोजचं ऑफिस आणि अधूनमधून साताऱ्याला आईकडे, एवढाच वापर.

घेताना ज्याने त्याने एकच भीती घातली: मोठी बॅटरी गेली की गाडी भंगारात. त्या बॅटरीने अजून एकदाही त्रास दिलेला नाही. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, उतरली आहे हे खरं. पहिल्या मालकाला दोनशे किलोमीटरच्या आसपास मिळायची, मला एसी लावून १६५-१७०. सातारा एका चार्जमध्ये होतं, परतायच्या आधी मात्र चार्जिंग करावंच लागतं.

मला अडकवलं ते बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीने. जुलैतली सकाळ, पाऊस धो धो, गाडी आठ दिवस जागची हलली नव्हती. रिमोटला दाद देईना. किल्लीने दार उघडलं, स्क्रीन क्षणभर उजळली, तीन-चार इशारे एकदम आले आणि पुन्हा अंधार. मोठ्या बॅटरीत सत्तर टक्के चार्ज होता, पण तिला मोटरशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली की सगळंच बसलं.

सर्व्हिस सेंटरवाले फोनवरच म्हणाले, ‘कंट्रोलर गेला असेल, गाडी आणा.’ आणायची म्हणजे फ्लॅटबेडवर, अख्खी गाडी चढवून नेणाऱ्या ट्रकवर, कारण मोटरने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढायची नसते. तिथे चार दिवस नुसती पडून होती. शेवटी बदलली ती छोटी बॅटरीच, साडेपाच हजारांत. त्या चार दिवसांचा मला अजून राग येतो. मीटर लावून व्होल्टेज बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत! आता डिकीत मीटर ठेवते आणि गाडी आठवडाभर उभी ठेवत नाही.

दुसरा घोळ साताऱ्यात. आईच्या जुन्या घरी चार्जर लावला की लाल दिवा. मला वाटलं, गाडीच्या आत बसवलेला ऑनबोर्ड चार्जरच गेला. रात्रभर झोप नाही. सकाळी वायरमनने बघितलं तर घराचं अर्थिंगच मेलेलं. कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला, तेव्हापासून बिनतक्रार चार्ज होते.

बाकी खर्च किरकोळ. ब्रेक पॅड अजून जुनेच, टायर मात्र लवकर झिजले. गाडी जड आहे. सस्पेन्शनचं काम आमच्या कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका करतात, पण नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, वायर दिसली की हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खरी काळजी हीच आहे: हाय व्होल्टेजचं काही निघालं तर सर्व्हिस सेंटरशिवाय दुसरं दार नाही.

म्हणून जुनी घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, पैसे देण्याआधी बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल काढा आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे लेखी घ्या. माझ्या बॅटरीची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे, ऑक्टोबर २०२८ ला संपेल. तोवर दर सहा महिन्यांनी अहवाल काढून फाइलला लावते आहे.