बाळंतिणीच्या चूर्णाचे 1,800 रुपये

लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे, ठाण्यात वर्तकनगरला झालं. नॉर्मल झालं, पण टाके पडले. चार दिवस पोट साफ नाही. लोहाच्या गोळ्या चालू, त्यात टाके उसवतील या धास्तीने ती जोरच करेना. संडासात बसून रडायची पोर.

मालिशवाल्या बाईंनी एकाचा नंबर दिला. तो घरीच आला, 'बाळंतिणीचं खास चूर्ण' घेऊन. मी आधीच विचारलं, यात सोनामुखी, ती जुलाबाची पानं, नाही ना? माझ्या बाळंतपणात तिने पोटात असा मुरडा आणला होता की अजून आठवतो. "छे हो काकू, नुसता हिरडा, बडीशेप आणि गुलाबपाकळी." 100 ग्रॅमचे 1,800 रुपये रोख घेतले. बरणीवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. लेकीच्या रडण्यापुढे मी काही बघितलंच नाही.

रात्री एक चमचा दिला. पहाटे मुरडा, पण पोट मोकळं नाही. फोन केला तर म्हणाला, "जुना मळ सुटतोय, आज दोन चमचे द्या." मी दिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ वेळा जुलाब, टाक्यांची आग, घशाला कोरड. बाळाला पाजायला घेतलं की तिला चक्कर यायची.

डॉक्टरबाई बरणी बघून म्हणाल्या, बहुतेक सोनामुखीच. ती विष नाही, तिच्या गोळ्या आम्हीही देतो, पण मोजून. या चमच्यात किती गेली, कसं कळणार? त्यांनी जलसंजीवनी द्यायला सांगितली, लोहाची गोळी बदलली आणि जुलाब थांबल्यावर मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं सिरप सुरू केलं. आठवड्यात सगळं सुरळीत झालं.

घरी येऊन मी चूर्ण मैद्याच्या चाळणीने चाळलं. वर राहिले हिरवट पानांचे तुकडे आणि बारीक काड्या. जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात नेलं. दुकानदारांनी चिमूटभर चोळून वास घेतला, जिभेला लावलं. सोनामुखी आणि काळं मीठ. तीच पानं त्यांच्याकडे पाव किलो 80 रुपयांना होती.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. बिल नाही, तरी एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, 1800222365 या नंबरवर तक्रार करणार आहे. बरणी जपून ठेवली आहे. असा कोणी तुमच्याकडे पांढरी बरणी देऊन गेला असेल तर ती फेकू नका, बाळंतिणीला देऊ नका आणि मला कळवा.