गोफ, तारपा, टिपरी की पाऊली: तुमच्या गटाला कोणती रचना झेपेल?

सोसायटीच्या गणपतीत किंवा गॅदरिंगला लोकनृत्य बसवायचं ठरलं की चर्चा गाण्यापासून आणि नऊवारीच्या भाड्यापासून सुरू होते. खरं तर आधी तीन गोष्टी बघायला हव्यात: शेवटच्या दिवशी नक्की किती माणसं येणार, डोक्यावर छत किती उंच आहे आणि बघणारे कुठे बसणार. सरळ रांगांच्या नाचात मागच्या ओळीतल्याची चूक खपून जाते. इथे ज्या नाचांची तुलना केली आहे, त्यांत रचना हाच नाच आहे. ती बिघडली की पाहण्यासारखं काही उरत नाही.

गोफ

सगळ्यात देखणा आणि सगळ्यात कमी माफ करणारा. वर टांगलेल्या रंगीत पट्ट्यांचं एकेक टोक प्रत्येकाच्या हातात असतं. निम्मे जण घड्याळाच्या दिशेने जातात, निम्मे उलट. समोरून येणाऱ्या एकाला बाहेरून ओलांडायचं, पुढच्याला आतून, मग पुन्हा बाहेरून. अशाने वर वेणी विणली जाते. मग तीच वाट उलटी चालत ती उकलायची. कोकणात हा खेळ आहे, गोव्यात शिगम्याला होतो, गुजरातेतही आहे.

संख्या समच हवी. ८ जणांची वेणी बारीक दिसते आणि १६ जणांचं वर्तुळ बहुतेक मंडपांच्या स्टेजवर मावत नाही, म्हणून १२ धरा. जागा २० बाय २० फूट मोकळी, पट्ट्या बांधायची कडी साधारण १३ फुटांवर, पट्टी १७-१८ फुटांची. सहावारी साडी साडेपाच मीटरची, म्हणजे १८ फुटांची असते. जुन्या दोन सुती साड्या लांबीत फाडून चार-चार बोटं रुंदीच्या सहा-सहा पट्ट्या काढल्या की काम झालं. साड्या विरुद्ध रंगांच्या घ्या: एका दिशेला जाणाऱ्यांच्या हातात एक रंग, उलट्या दिशेच्यांच्या हातात दुसरा. वेणीची वीण खालून स्पष्ट दिसते आणि चुकलेला माणूसही लगेच सापडतो. सॅटिनची फीत दिसायला झकास, पण घामेजल्या हातातून सुटते आणि वेणीही सैल बसते.

बाहेरून जाणाऱ्याने हात उंच करायचा, आतल्याने त्याच्या पट्टीखालून निघायचं. हे नीट जमेपर्यंत पट्ट्या हातात देऊच नका. जमिनीवर खडूने वर्तुळ काढून दोन दिवस नुसतं चालायला लावा. १२ जणांत समोरून येणारे ६, त्यामुळे पहिल्या भेटीचा जोडीदार सातव्या भेटीला पुन्हा समोर यायला हवा. दुसराच कोणी आला तर थांबा. चूक होऊन गेली आहे, पुढे चालून ती सुधारत नाही.

बहुतेक गट विणताना नव्हे, उकलताना फसतात. सगळे जागीच मागे वळले की शेवटच्या भेटीतलाच माणूस पहिल्यांदा समोर येतो, आणि त्याला ज्याने बाहेरून ओलांडलं होतं त्याने परतताना बाहेरूनच जायचं असतं. पण ‘आत्ताच बाहेरून गेलो, आता आतून’ ही सवय पायांना लागलेली असते आणि पहिल्याच पावलाला गाठ बसते. ‘उजवा खांदा, डावा खांदा’ असं शिकवलं असेल तर गोंधळ दुप्पट, कारण वळल्यावर खांदे उलटतात. ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे दोनच शब्द वापरा. वेणी तीन फुटांची झाली की वळायचं. त्यापुढे पट्ट्या तोंडावर येऊ लागतात.

पुण्यात यातली मोठी अडचण पावसाळ्याची. तालीम पार्किंगमध्ये होते आणि तिथलं छत जेमतेम आठ फूट. तिथे वेणी फूटभर झाली की पट्टी कपाळाला लागते. पार्किंगमध्ये पावलं बसवा, पट्ट्यांच्या निदान चार तालमी खऱ्या उंचीवर करा. कडी फिरणारी नको, नाहीतर जोरात ओढणाऱ्यांकडे सगळी वेणी वळत जाते. मंडपाच्या सजावटीला किंवा फॉल्स सीलिंगला कधीच टांगू नका. बालगंधर्व किंवा भरत नाट्य मंदिरासारख्या नाट्यगृहात वरच्या पाइपला काही बांधायचं तर व्यवस्थापनाशी आधी बोलून ठेवा, प्रयोगाच्या सकाळी नव्हे. आणि राखीव माणसं दोन तयार करा, दोन्ही दिशांना एकेक. एका हातात पट्टी, दुसऱ्यात टिपरी ही गोफ-टिपरी सुरेख दिसते, पण पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

तारपा

पालघर-डहाणूकडच्या वारल्यांचा हा नाच. मधे तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कंबरेला हात घातलेल्यांची उघडी साखळी, वेटोळं घालत फिरणारी. वारली चित्रातलं ते वळण बहुतेकांनी भिंतीवर पाहिलेलं असतं. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. सूर बदलला की पावलं बदलतात.

गोफाच्या उलट इथे संख्येचं बंधन नाही. ऐनवेळी दोघं आले नाहीत तरी साखळी चालते. पण किमान संख्या मोठी लागते. कंबर धरून उभा राहिलेला माणूस पावणेदोन-दोन फूट जागा घेतो, म्हणजे २० जणांची साखळी ३५-४० फुटांची. मधे वादकाला जागा ठेवून आणि दोन वेढ्यांमध्ये चार फूट सोडून तिचा एकच वेढा होतो, वर थोडीशी शेपटी. वेटोळं म्हणून दिसायला दीड वेढा तरी हवा, त्याला तीसेक माणसं आणि ३० बाय ३० फुटांचं मैदान लागतं. दहा-बारा जणांचा स्टेजवरचा ‘तारपा’ म्हणजे नुसता अर्धगोल.

बिघडतं ते असं: प्रत्येक जण पुढच्याच्या मागोमाग न जाता वळण थोडं कापतो. दहाव्या माणसापर्यंत ते कापणं साठत जातं, वेढे एकमेकांना चिकटतात आणि वादक मधे कोंडला जातो. सर्वांत अनुभवी माणूस पुढच्या टोकाला ठेवाच, पण दुसरा तितकाच जाणता शेपटीला हवा, कारण उलट फिरताना तोच पुढे होतो.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. समोर खुर्च्यांवर बसलेल्यांना वेटोळं दिसत नाही, पाठी दिसतात. चारी बाजूंनी गॅलऱ्या असलेल्या सोसायटीच्या अंगणात मात्र याला तोड नाही. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांच्या तारप्याचा आवाज स्पीकरवर पातळ येतो, त्यामुळे जमल्यास वादक बोलवा आणि त्याची बिदागी बजेटमध्ये आधीच धरा. पानांचे घागरे आणि अंगावर पांढरे पट्टे हा सिनेमातला आदिवासी, तो टाळा. वारली बाया गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात.

टिपरीची दुहेरी फेरी

वेळ कमी असेल तर हीच. आतल्या फेरीचं तोंड बाहेर, बाहेरच्या फेरीचं तोंड आत, आठ मात्रांनंतर जोडीदार बदल. टिपऱ्या फूटभराच्या पुरतात, दांडियाच्या लांब काठ्या दाटीत बोटांवर बसतात. एकच चूक सगळीकडे दिसते: ‘सगळे उजवीकडे सरका’ अशी सूचना. समोरासमोर तोंडं असल्याने दोन्ही फेऱ्या विरुद्ध दिशांना जातात आणि मधली एक जोडी गाळली जाते. आठ जोड्या असतील तर चारच जोडीदार आळीपाळीने भेटत राहतात आणि उरलेल्या चौघांशी टिपरी लागतच नाही. फक्त बाहेरची फेरी सरकवा. पाच-सहा तालमींत बसतं. कोणी गळला तर त्याच्या जोडीदारालाही बसवा आणि फेरी आवळून घ्या.

पाऊली

वारकऱ्यांचा हा नाच: समोरासमोर दोन रांगा, मधे गल्ली, गल्लीत पखवाज आणि गळ्यात टाळ. आषाढीच्या वाटेवर पालख्या नाना-भवानी पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा पुणेकर ही दरवर्षी पाहतात, त्यामुळे कच्ची पाऊली इथे लगेच ओळखू येते. अरुंद जागेसाठी उत्तम: १२ जण, दहा फूट रुंदी, छताची अट नाही. एक माणूस कमी पडला तर रांगेतली अंतरं वाढवली की भागतं. स्टेजवर मात्र रांगा आडव्या लावू नका, पुढच्या रांगेची नुसती पाठ दिसते. रांगा उभ्या ठेवा आणि प्रेक्षकांकडचं तोंड हातभर जास्त रुंद करा. आधी टाळ्या वाजवून पावलं पक्की करा, मग टाळ द्या. नवख्याच्या हातात टाळ आला की त्याचे पाय मागे पडतात. हे मुळात भजन आहे, त्यामुळे अभंगाला डीजेचा ठेका लावायचा असेल तर दुसरा नाच निवडा.

लेझीम इथे मुद्दाम घेतलं नाही. ते मिरवणुकीचं, रस्त्याच्या लांबीचं आहे. हात पसरायला प्रत्येकी सहा फूट लागतात आणि ‘आठ आवाज’ हा लेझमाचा प्रकार पार्किंगमध्ये घुमला की पहिल्याच संध्याकाळी वरचे मजले खाली येतात.

मग ठरवायचं कसं

चतुर्थीला महिना आहे, बारा माणसं शब्दाची पक्की आहेत आणि १३ फुटांवर भक्कम कडी मिळतेय, तर गोफ घ्या. प्रेक्षक कुठेही बसले तरी वेणी डोक्यांच्या वर असल्याने सगळ्यांना दिसते. कडी नाही पण अंगण, गॅलऱ्या आणि लहानमोठी तीस-चाळीस माणसं आहेत, तर तारपा. यात आजी आणि नातू एकाच साखळीत चालतात. आठवडाच उरला असेल तर टिपरी, आणि स्टेज चिंचोळं असेल तर पाऊली. आयटीतल्या शिफ्टमुळे रोज वेगळीच आठ माणसं तालमीला येत असतील, तर गोफाचा विचार त्याच दिवशी सोडा. त्यात कोण कोणासमोर उभा राहणार हे पहिल्या तालमीला ठरतं आणि शेवटपर्यंत बदलता येत नाही.