नेट गेलं की मॉडेम आपोआप बंद-चालू करणारा प्लग: बरेच महिने वापरून झाल्यावर

घ्यावा का असं विचारत असाल तर हो, घ्या, पण लावला आणि विसरून गेलात असं करू नका. मूळ सेटिंगवर सोडला तर हा प्लग चांगल्या चाललेल्या नेटचीही वाट लावतो. माझ्याकडे सात-आठ महिने होत आले आणि आता कुठे तो शहाण्यासारखा वागायला लागलाय.

काम साधंच आहे. प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये, त्याच्यात मॉडेमचा अडॅप्टर. प्लग घरच्याच वायफायला जोडलेला असतो आणि दर मिनिटाला बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग मारत बसतो, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारून उत्तराची वाट बघतो, उत्तर आलं नाही असं लागोपाठ काही वेळा झालं की आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, टक् करतो, मॉडेमची वीज जाते आणि ठरवलेल्या वेळानं परत येते. हे सगळं डोकं प्लगच्या आतच पाहिजे, हे घेताना बघाच. साधा ॲपवरचा स्मार्ट प्लग इथे चालत नाही, कारण त्याचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि नेटच नसेल तर येणार कुठून. बरं, नेट चालू असताना ॲपवरून मॉडेम बंद केलात तर परत चालू करायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही, मग उठा आणि बटण दाबा.

आता सेटिंगचं. माझ्या प्लगमध्ये मुळात एकच पत्ता होता, ८.८.८.८, आणि दोन पिंग फेल झाले की लगेच रीस्टार्ट. म्हणजे एक-दोन मिनिटांचा झटका, जो आपला आपण गेला असता, त्याच्यासाठी हा मॉडेम पाडणार आणि मग मॉडेम उठून लाईन पकडून वायफाय द्यायला तीन-चार मिनिटं घेणार, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर संपलंच. मी आता तीन पत्ते दिलेत, ८.८.८.८, १.१.१.१ आणि ९.९.९.९, तिन्ही वेगवेगळ्या संस्थांचे, आणि तिन्ही एकदम गप्प झाले आणि सलग पाच मिनिटं गप्प राहिले तरच हात लावायचा. नंतर मॉडेम चालू झाल्यावर दहा मिनिटं तपासणीच बंद. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर मॉडेम उठतोय तोवर प्लगला वाटतं अजून नेट नाही, की परत पाडला, आणि हे चक्र रात्रभर चालू शकतं. शिवाय तीन रीस्टार्टनंतरही नेट आलं नाही तर तासभर थांब, असं एक सेटिंग आहे, ते बऱ्याच प्लगमध्ये नसतं. ते नसेल तर घेऊच नका असं माझं मत. फायबर कुठेतरी तुटली असेल, मॉडेमवर LOS म्हणजे सिग्नलच येत नसल्याचा लाल दिवा लागला असेल, तर तुम्ही शंभर वेळा रीस्टार्ट करा, काय होणार आहे? आणि प्लगला तो लाल दिवा दिसत नाही, त्याला फक्त पिंग कळतं.

फोनच्या तारेवरची डीएसएल लाईन असेल तर अजून जपून. पलीकडची यंत्रणा लाईन किती वेळा तुटते ते मोजत असते, सारखी तुटली तर लाईन खराब आहे असं धरून स्पीड कमी करून टाकते. म्हणजे नेट सुधारायला लावलेला प्लगच नेट हळू करणार.

वीज किती वेळ बंद ठेवायची हाही वादाचा विषय. पाच सेकंद पुरतात म्हणणारे आहेत पण अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो, मला वीस-तीस सेकंद बरे वाटतात. पीपीपीओई म्हणजे यूजरनेम-पासवर्डवालं कनेक्शन असेल तर मिनिटभर ठेवा. कारण वीज खेचली की मॉडेमला निरोप घ्यायला वेळच मिळत नाही, पलीकडच्या सर्व्हरला वाटतं हा अजून आहे, आणि जुनं सेशन तिथे लटकलेलं असताना काही ठिकाणी नवीन लॉगिन घेत नाहीत.

आणि एक गोष्ट जी डब्यावर कुठेच लिहिलेली नाही. मॉडेमला बॅटरीवाला छोटा यूपीएस लावलाय का? मग प्लग यूपीएसच्या आधी लावून काहीच उपयोग नाही. प्लगनं वीज तोडली की यूपीएस म्हणतो लाईट गेली, मी आहे ना, आणि मॉडेम आपला चालूच. इकडे प्लग टक्-टक् करून दमणार. अशा वेळी यूपीएसच्या पुढे १२ व्होल्टच्या वायरवर रिले लागतो, आणि तो नॉर्मली क्लोज्ड जोडायचा, म्हणजे रिलेचं सर्किट मेलं तरी मॉडेमला वीज मिळत राहते.

सगळ्यात जास्त कामाची निघाली ती याची नोंदवही, म्हणजे लॉग. कधी पिंग गेलं, कधी पाडला, कधी नेट आलं. ती बघता बघता लक्षात आलं की बरेचसे रीस्टार्ट दुपारी होतायत, आणि वरचेवर वाढतायत. अडॅप्टर हाताला चांगलाच गरम लागायचा. तेवढ्याच व्होल्टचा आणि तीच पिन असलेला नवीन अडॅप्टर लावला, ॲम्पिअर थोडे जास्त, मॉडेम कपाटातून काढून मोकळ्यावर ठेवला, आणि रीस्टार्ट एकदम कमी झाले, आता महिना-महिना प्लग शांत असतो. त्याआधी आमच्या सर्व्हिसवाल्याला फोन करून थकलो होतो, दर वेळी तेच, मॉडेम बंद करून चालू करा. प्लग नसता तर मी अजून तेच करत बसलो असतो हे खरं, पण नुसता प्लग असता आणि लॉग नसता तर तो बिचारा रोज मॉडेम पाडत राहिला असता आणि मला वाटलं असतं वा, काय मस्त चाललंय.

बारीकसारीक कटकटी आहेत. वायफायचा पासवर्ड बदलायचा असेल तर आधी प्लगची तपासणी बंद करा, त्याला वायफाय नाही मिळालं तरी तो नेट गेलं असंच धरतो. मॉडेमचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करतानाही तेच, मध्येच वीज तुटली तर मॉडेम कायमचा जाऊ शकतो. ज्यांचा राउटर ओपनडब्ल्यूआरटी या फुकट सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी आधी त्यातलं हेच पिंगचं काम करणारं वॉचकॅट वापरून बघा, मायक्रोटिक कंपनीचा राउटर असलेल्यांकडे तसंच नेटवॉच आहेच, फुकटात होतं आणि वीज न तोडता नुसतं कनेक्शनही परत जोडता येतं. फक्त राउटर स्वतःच गोठला तर आतलं सॉफ्टवेअरही गोठणार, तिथे बाहेरून वीज तोडणाराच लागतो.

बाकी, आत घड्याळाची बॅटरी नाही. घरातली लाईट जाऊन आली की नेट येईपर्यंत लॉगमधली तारीख १ जानेवारी १९७० दाखवते, वेळ इंटरनेटवरून घेतो ना तो. म्हणजे नेमकं लाईट आल्यावर नेट यायला किती वेळ लागला हे बघायचं असेल तर त्या नोंदी घेऊन बोटांवर हिशोब करावा लागतो. पुढच्या अपडेटमध्ये करू असं कंपनीनं मेलला उत्तर दिलंय, अपडेट अजून आलेलं नाही.