रद्दलेखावर सही केली आणि घरखरेदीदारांच्या यादीतून आमचं नाव गेलं

जुलै 2022 मधल्या एका दुपारी कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात माझ्या मिस्टरांनी आणि मी आमच्या फ्लॅटचा करार रद्द करणाऱ्या एका कागदावर सह्या केल्या, अंगठे दिले, कॅमेऱ्यापुढे बसून फोटो काढले. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. कित्येक महिन्यांनी हे मोकळेपणानं बोलत होते. पिशवीत दहा चेक होते, एकेक तीन लाखांचा. त्यातले दोनच वटले. पण चेकपेक्षा मोठं नुकसान त्या सहीनं झालं, आणि ते आम्हाला कळायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या कागदाबद्दल कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही वाचलो असतो, म्हणून हे लिहिते आहे.

2015 मध्ये कल्याण-शीळ रस्त्यापासून थोडं आत एका नव्या गृहप्रकल्पात आम्ही वन बीएचके बुक केला. किंमत 34 लाख. ह्यांच्या निवृत्तीचा फंड आणि गावाकडच्या जमिनीचे पैसे असे मिळून 23 लाख आम्ही स्लॅबप्रमाणे भरले. जानेवारी 2016 मध्ये रीतसर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आला. ताबा डिसेंबर 2018 मध्ये मिळायचा होता. सातव्या स्लॅबनंतर काम थांबलं ते थांबलंच. 2020 मध्ये आम्ही महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली. एक सुनावणीही झाली.

मग बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. तिथल्या मॅनेजरचं बोलणं अतिशय गोड. "काकू, इमारत पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं लागतील. काकांचं वय बघा. कशाला तारखांना खेटे घालताय? 23 लाखांवर सात लाख व्याज देतो, सगळे घेऊन मोकळे व्हा." आम्हाला तो देवमाणूस वाटला. त्याच्या अटी चार होत्या. अ‍ॅग्रीमेंटचा रद्दलेख रजिस्टर करायचा. महारेराची तक्रार मागे घ्यायची. शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून द्यायचं की चेक वटेपर्यंत राहिलेली रक्कम कंपनीकडे 18 टक्क्यांनी "गुंतवणूक" म्हणून आहे. आणि फ्लॅटधारकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडायचा. "बाकीच्यांना कळलं तर सगळेच दारात येतील, मग तुमचेच चेक अडतील." हे पटण्यासारखं होतं. ह्यांनी त्याच्या समोरच ग्रुप सोडला.

ऑगस्ट आणि सप्टेंबरचे चेक वटले. ऑक्टोबरचा "खात्यात पुरेशी रक्कम नाही" म्हणून परत आला. फोन केला की "पंधरा दिवस थांबा, परत भरा". नोव्हेंबरचाही तसाच आला. ओळखीच्या वकिलांनी झापलं तेव्हा भान आलं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, नोटीस पोचल्यावर 15 दिवस द्यायचे आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. हा हिशेब चुकला तर चेक म्हणजे नुसता कागद. चेकची मुदतही तीनच महिन्यांची असते. "थांबा, थांबा" म्हणणारा माणूस नेमके हेच दिवस खात असतो. आम्ही ऑक्टोबरचा चेक पुन्हा भरला, डिसेंबरच्या सुरुवातीला दोन्हींची नोटीस काढली आणि जानेवारीत कल्याणच्या कोर्टात तक्रार केली.

फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईच्या एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, त्या बिल्डर कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. तो केला होता एका फायनान्स कंपनीने, मार्च 2022 मध्ये. आम्ही रद्दलेखावर सही करत होतो तेव्हा त्या अर्जाला चार महिने झाले होते. मॅनेजरला ते ठाऊक नसेल असं मी मानत नाही. ज्या ग्रुपमधून आम्हाला काढलं तिथे एप्रिलपासून हाच विषय चालू होता, तारखा टाकल्या जात होत्या. ग्रुप सोडण्याची अट कशासाठी होती ते तेव्हा उमगलं.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की त्या दिवसापासून कंपनीविरुद्धच्या दाव्यांना आणि वसुलीला स्थगिती येते. महारेराचं वसुली प्रमाणपत्र घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलात तरी तिथलेही हात बांधलेले. संचालक मंडळाचे अधिकार जातात आणि कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाच्या हातात जातो. त्याला सगळे आरपी म्हणतात. चेक बाऊन्सचा खटलाही कंपनीपुरता थांबतो. पण ज्या संचालकांनी सह्या केल्या त्यांच्याविरुद्ध तो चालू राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. आमची कल्याणची केस त्याच आधारावर जिवंत आहे.

आरपी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देतो, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं. ती दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही असते. दावा दाखल करायला 14 दिवस. पुढे उशिरानेही घेतात, पण त्यालाही मर्यादा आहे. आम्हाला ती सूचना दिसलीच नाही. आमच्याच विंगमधल्या एका ताईंनी भाजीबाजारात विचारलं, "तुम्ही फॉर्म भरला ना?" तोवर सत्तरहून जास्त दिवस उलटले होते.

ज्या अ‍ॅग्रीमेंटवर आम्ही पाणी सोडलं त्याची खरी किंमत त्यानंतर वकिलांच्या ऑफिसात बसून कळली. 2018 च्या दुरुस्तीने घरखरेदीदाराला बँकेसारखंच वित्तीय धनको म्हणजे कर्ज देणारा मानलं गेलं. बिल्डर लोक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, ऑगस्ट 2019 मध्ये हरले. त्यामुळे घरखरेदीदार फॉर्म सीए हा दाव्याचा फॉर्म भरतो, सगळ्यांचा मिळून एक अधिकृत प्रतिनिधी धनकोंच्या समितीत बसतो आणि कंपनी कोणाला द्यायची, इमारत कशी पूर्ण करायची यावर मत देतो. शिवाय रेरा कायदा सांगतो की विक्रीचा करार झाल्यावर बिल्डरने तो फ्लॅट गहाण टाकला तरी ग्राहकाच्या हक्काला धक्का लागत नाही. हे सगळं संरक्षण त्या एका रजिस्टर कागदाला चिकटलेलं होतं. आम्ही तोच कागद स्वतःच्या हातानं रद्द केला, आणि वर "गुंतवणूक" असा शब्द लिहून दिला.

आमच्या दाव्याला आरपीचं उत्तर ईमेलने आलं. करार रद्द झाल्याने तुम्ही सदनिकाधारक नाही. तुमची रक्कम व्याजाने ठेवलेली दिसते, त्यामुळे 24 लाखांचा दावा असुरक्षित, म्हणजे तारण नसलेल्या, धनकोंच्या यादीत घेतला आहे. आम्ही घर घ्यायला निघालेली माणसं, आणि कागदोपत्री सावकार झालो होतो. त्याच ईमेलला जोडलेल्या यादीत "न विकलेल्या सदनिका" या मथळ्याखाली आमच्या फ्लॅटचा नंबर होता. समोरच्या रकान्यात फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जापोटीचं तारण. रद्दलेख झाल्यावर महिन्याभरात तो चढवला होता. मला वाटतं त्या कागदाची सगळी धडपड यासाठीच होती. मोकळे फ्लॅट दाखवून पैसे उचलायचे तर आधी ते मोकळे करून घ्यायला हवे होते.

आता कंपनी नव्या बिल्डरकडे देण्याची योजना मंजुरीसाठी न्यायाधिकरणापुढे आहे. नवा बिल्डर इमारत पूर्ण करणार. आमच्या विंगमधल्या त्या ताईंनी आमच्याइतकेच पैसे भरले होते. त्यांना अडीच लाख जास्त भरून फ्लॅट मिळेल. असुरक्षित धनकोंना शंभराला एक रुपया. आमचे 24,000. योजना एकदा मंजूर झाली की तिच्याबाहेरचे जुने दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये म्हटलेलं आहे. म्हणून त्याआधीच आम्ही यादी दुरुस्त करून मागणारा अर्ज केला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेराकडून पैसे परतीचा आदेश घेतला म्हणून कोणी घरखरेदीदार राहत नाही असं होत नाही. आमचे वकील त्यावर भर देतात. समोरचे वकील सप्टेंबर 2025 चा निकाल वाचून दाखवतात. त्यात घर नको, ठरलेला परतावा हवा अशा सट्टेबाज गुंतवणूकदारांना दिवाळखोरीचा अर्ज करण्यापासून रोखलं आहे. कफ परेडच्या त्या कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर बसून "सट्टेबाज" हा शब्द ऐकताना ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

तुमच्यापुढे असा रद्दलेख आला तर सही करण्याआधी दोन संध्याकाळी खर्च करा. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधलं की प्रलंबित अर्ज दिसतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीवरचे बोजे दिसतात. 2023 मध्ये महारेराने दिवाळखोरीच्या कारवाईत असलेल्या 308 प्रकल्पांची नावं स्वतः जाहीर केली होती, तेही तपासत राहा. पैसे खरोखर परत मिळत असतील तर पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच रद्दलेख, पुढच्या तारखांचे चेक घेऊन नाही. महारेराची तक्रार मागे घेऊ नका. तडजोडच करायची तर ती महारेरापुढे लेखी नोंदवा. आणि फ्लॅटधारकांचा ग्रुप कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. आणखी एक. दिवाळखोरी सुरू झाल्यावर "तुमचा दावा पास करून देतो, 40,000 द्या" म्हणणारा एक एजंट आमच्याकडे आला होता. दावा भरायला कसलंही शुल्क नसतं. फॉर्म, ओळखपत्र, अ‍ॅग्रीमेंट, पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट ईमेलने पाठवलं तरी चालतं.

आम्ही पुन्हा त्या ग्रुपमध्ये आलो आहोत. ताईंनीच घेतलं. कल्याणच्या केसमध्ये दोन संचालक जामिनावर आहेत. न वटलेले आठ चेक अजून त्याच पिशवीत आहेत, शेवटच्यावर मे 2023 ची तारीख आहे. एनसीएलटीतली आमची पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. सकाळची फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून बसने कफ परेड. ह्यांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, तरी यायचं म्हणतात.