भिंतीवरची रेघ पुसायला आम्ही पावणेचार लाख मोजले

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सहा फूट पाणी होतं. आठवडाभराने ते उतरलं तेव्हा चारी भिंतींवर एक तपकिरी रेघ राहिली. गवंड्याने दोरी धरून मारावी तशी सरळ. आमच्या वॉचमन तात्यांनी तिच्याखाली खिळ्याने कोरून ठेवलं : '९ ऑगस्ट, आयर्विन ५७'. सांगलीत पूर मीटरमध्ये कुणी मोजत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ च्याही वर गेलं.

मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. खाली जे लिहिलंय त्यातल्या बहुतेक कागदांवर सही माझी आहे, त्यामुळे हे दुसऱ्याच्या फजितीचं वर्णन नाही.

पूर ओसरल्यावर गावात जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शामरावनगरच्या आमच्या अंगाला फ्लॅटचे दर पडले. आमच्या २४ फ्लॅटपैकी तिघांना विकायचं होतं, त्यात माझ्या मेहुण्याचाही एक. गिऱ्हाईक यायचं, पार्किंगमधली रेघ बघायचं आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचं. ते परत येत नसे.

डिसेंबरमध्ये एक 'क्लायमेट रिस्क कन्सल्टंट' आला. वय पस्तिशीच्या आत, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मला पहिल्या वाक्यापासून 'काका' म्हणायला लागला. कुणाच्या ओळखीने आला ते आजही नक्की सांगता येत नाही. चेअरमन अण्णांना वाटलं मी बोलावलंय, मला वाटलं अण्णांनी. त्याने सांगितलं, सरकारने वडनेरे समिती नेमली आहे, तिचा अहवाल आला की पूरपट्ट्यातल्या प्रत्येक इमारतीला 'पूर-सक्षमता प्रमाणपत्र' सक्तीचं होणार, आत्ता घेतलं तर स्वस्तात, नंतर रांग लागेल. समिती खरी होती, पेपरात रोज नाव येत होतं. प्रमाणपत्राची गोष्ट त्याने तिला स्वतःच चिकटवली होती. पुढे २०२० मध्ये अहवाल आला. समितीचं काम होतं कृष्णा-भीमा खोऱ्यात पूर का आला आणि काय करावं हे बघणं. कुणाच्या पार्किंगला ग्रेड देणं हे तिचं काम नव्हतंच.

महापालिकेत जाऊन एकदा विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही. दीड वर्षाने गेलो. तिथल्या इंजिनिअरने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "साहेब, असला कुठला फॉर्म आमच्याकडे नाही. पूररेषा बघायच्या तर जलसंपदाने आखलेल्या आहेत, नकाशात निळी आणि लाल, या, दाखवतो." निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा बघायचे पैसे पडले नाहीत.

तपासणीचा दिवस मला नीट आठवतो, कारण मी त्याच्यामागे चहाचा ट्रे घेऊन फिरत होतो. पार्किंगच्या मधोमध उभा राहून त्याने मोबाईलवर एक ॲप उघडलं आणि समुद्रसपाटीपासूनची उंची वाचली. मग गेटपाशी जाऊन वाचली. दोन आकड्यांत ११ मीटरचा फरक. गेट आणि पार्किंग यांच्यात एक पायरी आहे हो! तो हसला, म्हणाला, "सॅटेलाइट सेटल होतंय, काका." मीही हसलो.

मग त्याच्याबरोबर आलेल्या पोराने पिशवीतून काँक्रीटची ताकद मोजायचा रिबाउंड हॅमर काढला. पिस्तुलासारखा दिसतो, काँक्रीटवर दाबला की आतला दांडा उसळतो आणि आकडा दाखवतो. कॉलमवर टकटक, टकटक, दहा मिनिटांत चौदा कॉलम उरकले. सगळे प्लास्टरवरून. माझा भाचा सिव्हिल डिप्लोमा करून मिरजेत एका ठेकेदाराकडे कामाला आहे. त्याला हे मी नंतर सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "मामा, प्लास्टर काढून, काँक्रीट घासून साफ करून मग मारायचा असतो तो. आयएस १३३११ या मानकात लिहिलंय. आणि नीट मारला तरी ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे धरायचं. तुमच्याकडे त्याने सिमेंटच्या गिलाव्याची ताकद मोजली."

तपासणीचे फ्लॅटमागे साडेसहा हजार, एकूण एक लाख छप्पन्न हजार. जानेवारीत अहवाल आला. ४४ पानं, स्पायरल बाइंडिंग, सगळा इंग्रजीत, पहिल्या पानावर ढग आणि वीज. मीटिंगमध्ये तो हातोहात फिरला. प्रत्येकाने शेवटचं पान उघडून ग्रेड बघितली. आतली ४३ पानं कुणी वाचली नाहीत, मीसुद्धा नाही. भाच्याने वाचली ती २०२१ मध्ये. पान १७ वर अल्ट्रासॉनिक चाचणीचे आकडे होते, प्रत्येक कॉलमचे, दशांशासकट. ते यंत्र आमच्या आवारात आलंच नव्हतं. ते यंत्र काँक्रीटच्या दोन बाजूंना दोन डबे लावून चालवतात, मध्ये ग्रीससारखं काहीतरी फासतात. ते कुणी केलं असतं तर तात्यांनी नक्की तक्रार केली असती. पान ३१ वर लिहिलं होतं, 'सदर इमारत वाशिष्ठी नदीपासून ३०० मीटरवर आहे.' वाशिष्ठी चिपळूणला आहे. आम्ही कृष्णेकाठचे.

ग्रेड होती 'बी', आणि उपचारानंतर 'ए : ५८ फूट पातळीपर्यंत पूर-सक्षम'. इथे खरी गंमत आहे. उपचार करणारी कंपनी त्याच्याच ओळखीची, दोन लाख एकोणीस हजारांत. पार्किंगच्या भिंतींना आतून 'नॅनो' का कसलं तरी पूररोधक कोटिंग, आणि कंपाउंडच्या भिंतीला पाणी जायला जी भोकं होती ती बुजवून टाकायची. "पाणी आतच आलं नाही तर नुकसान कशाचं?"

आमच्यापुढे दुसरा एक प्रस्ताव आधीपासून होता, तोही सांगतो. आमच्या वायरमनने पूर ओसरल्याबरोबर सांगितलं होतं, महावितरणची परवानगी काढून मीटरचं पॅनेल आणि पंपाचा स्टार्टर पहिल्या मजल्याच्या लँडिंगला घ्या, एक लाख नव्वद हजार लागतील. पॅनेलची खालची ओळ जमिनीपासून तीन फुटांवर होती. मीटिंगमध्ये जोशी वहिनी एकट्या म्हणत होत्या, आधी मीटर वर घ्या. अण्णा म्हणाले, वहिनी, पाणी येणारच नाही तर मीटर कशाला हलवायचे? वायरमनकडे ना टॅब होता ना ओळखपत्र. सोसायटीच्या फंडात दोन्हींसाठी पैसे नव्हते. हात वर झाले, २१ विरुद्ध ३.

फेब्रुवारी २०२० मध्ये कोटिंग लागलं. राखाडी, गुळगुळीत, छान दिसत होतं. तपकिरी रेघ गेली, तात्यांची अक्षरंही त्याखाली गेली. तात्या बघत उभे होते, काही बोलले नाहीत. एप्रिलपासून कन्सल्टंटचा फोन लागेना. लॉकडाऊन आहे, असेल काहीतरी, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं.

आणि त्या वर्षाअखेर मेहुण्याचा फ्लॅट विकला गेला. नवराबायको दोघंही शिक्षक, इचलकरंजीकडचे. बाईंनी मला सरळ विचारलं, "काका, इथं पाणी येतं का हो?" मी त्यांना प्रमाणपत्र दाखवलं. २०१९ ला आलं होतं हेही सांगितलं, खोटं बोललो नाही. पण 'आता उपचार झालेत' हे वाक्य मी कन्सल्टंटच्याच सुरात म्हटलं. मला स्वतःला ते पटलं होतं का? पटवून घेतलं होतं.

२०२१. जुलैचा शेवटचा आठवडा. आयर्विनला पन्नास झालं की पाणी आमच्या गेटशी येतं, हा तात्यांचा जुना हिशेब. त्या रात्री ते गेटमधून आलंच नाही, आधी ड्रेनेजच्या चेंबरमधून आलं. झाकण उचललं गेलं आणि काळं पाणी बुडबुडत वर. सांगलीत हे नेहमीचं आहे. नदी काठ ओलांडण्याआधी नाल्यांतून आणि गटारांतून उलटी शिरते. ४४ पानांत ड्रेनेज हा शब्द नव्हता. पाणी उलटं येऊ न देणारा एक व्हॉल्व्ह मिळतो, तो लावला की नाही एवढं विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडबाहेर रस्त्यावर पाणी चढत होतं आणि भोकं बुजवल्यामुळे आत कमी होतं. दुपारी साडेतीनला मागची २४ फूट भिंत आत पडली. साडेचार इंची वीटकाम. भाच्याने नंतर हिशेब सांगितला : तीन फूट पाणी एका बाजूला थोपवलं की भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला जवळजवळ नऊशे किलो दाब बसतो. भोकं असती तर दोन्ही बाजूंना पाणी सारखं राहिलं असतं आणि भिंत उभी राहिली असती. २०१९ ला सहा फुटांत ती उभीच होती की. तिथे मुलं खेळतात, सायकली लावतात. लाइट गेलेली, सगळे वर, म्हणून कुणाला लागलं नाही.

आयर्विनला पाणी ५४ आणि ५५ च्या दरम्यान थांबलं. पार्किंगमध्ये तीन फुटांच्या थोडं वर. मीटरची खालची ओळ, आठ मीटर, सगळे गेले. पंप गेला. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलं. नवीन आलेल्या शिक्षिकाबाईंची स्कूटर त्यांनी मला विचारून पार्किंगमध्येच ठेवली होती.

पाणी उतरल्यावर कोटिंगला फोड आले होते, पुरीसारखे. मी एक बोटाने दाबला तर आतून पाण्याची चिळकांडी उडाली. भिंत खालून, जमिनीतून भिजली होती आणि कोटिंगने ती ओल आत कोंडून ठेवली होती. काळी माती आहे आमच्याकडे, पाणी सोडता सोडत नाही. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याला मी प्रमाणपत्र दाखवायला गेलो. तो म्हणाला, "हे राहू द्या, पाण्याची खूण दाखवा आणि मीटरचे फोटो द्या." हप्ता निम्मा होतो असं कन्सल्टंट म्हणाला होता. विमा कंपनीच्या लेखी त्या कागदाला काही किंमत नव्हती.

प्रमाणपत्रावर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शिक्का होता, लायसन्स नंबरसकट. तो माणूस खरा निघाला. फोनवर म्हणाला, मी आयुष्यात सांगलीला आलेलो नाही, आणि ते लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलंय. कंपनीचा पुण्यातला पत्ता म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं टेबल. पोलीस ठाण्यात साहेबांनी अहवालाचं ४४ वं पान उघडलं. ग्रेडच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : हा अहवाल केवळ माहितीसाठी, कोणतंही दायित्व नाही. खाली 'वाचले, मान्य' आणि माझी सही. जिल्हा ग्राहक आयोगात ऑक्टोबरमध्ये तक्रार केली. दोन वर्षांची मुदत असते, ती आम्ही गाठली. नोटीस 'पत्त्यावर सापडत नाही' म्हणून परत आली आणि तिथून पुढे तारखा चालू आहेत.

स्ट्रक्चरल ऑडिट करूच नका असं माझं म्हणणं नाही. पंधरा वर्षं झालेल्या इमारतीला सोसायटीच्या उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी, तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी ते करायचंच असतं. आमची २००४ ची, म्हणजे आम्हाला ते लागू झालंच होतं. पण इंजिनिअर महापालिकेच्या यादीतला घ्या, यादी स्वतः जाऊन बघा, आणि दुरुस्ती कोण करणार हे त्याला ठरवू देऊ नका. तो स्वतः आला का, प्लास्टर फोडलं का, ड्रेनेजचं चेंबर उघडून बघितलं का, टाकीचं तोंड किती उंचीवर आहे हे विचारलं का, एवढं बघा. हे विचारायला पदवी लागत नाही, आम्ही विचारलं नाही इतकंच.

इमारत कितपत पाण्यात जाते ते तर आमच्याकडे फुकटात होतं. भाच्याने कागदावर मांडून दाखवलं. २०१९ ला आयर्विनला साडेसत्तावन्न, पार्किंगमध्ये सहा फूट. वजा केलं की साडेएक्कावन्न. २०२१ ला साडेचोपन्न धरा, तीन फूट. पुन्हा साडेएक्कावन्न. मग जोशी वहिनींना आठवलं, २००५ ला इमारत नवी असताना गुडघ्याच्या थोडं वर पाणी होतं. त्या वेळी आयर्विनला ५३ च्या वर गेलं होतं. तेही बसतं. म्हणजे आयर्विनला साडेएक्कावन्न झालं की आमच्या पार्किंगची फरशी भिजते. "पाण्याइतकी बरोबर लेव्हल कुणी धरत नाही, मामा," भाचा म्हणाला. प्रमाणपत्रातलं ५८ म्हणजे पार्किंगमध्ये साडेसहा फूट, हे पोरंसुद्धा सांगतील.

मीटर आता लँडिंगला आहेत, कर्ज काढून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सफाई चालू असताना शिक्षिकाबाई खाली आल्या. स्कूटरबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. हातात खिळा होता. फोड फुटून कोटिंग जिथे निघालं होतं तिथे त्यांनी नवी रेघ कोरली, तारीख घातली, टेपने मोजून आकडा लिहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, २०१९ ची कुठं होती?" तात्या तोपर्यंत काम सोडून गावी गेले होते. मी भिंतीपाशी गेलो, डोक्याच्या वर हात केला, बोट टेकवलं, परत थोडं खाली घेतलं. त्यांनी तिथे आकडा लिहिला आणि पुढे 'अंदाजे' असं लिहिलं.