टॉवर की बारा मजले? ठाण्यात रिडेव्हलपमेंटला सही करण्याआधी पर्यावरणाचा हिशोब

रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि भाडं एवढ्यावरच रात्रीचे अकरा वाजतात, झाडं-पाणी-उकाडा कोणी काढलं की "ते नंतर बघू" म्हणतात, आणि प्लॅन पास झाला की नंतर बघण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून हे आत्ताच.

समजा नौपाडा-पाचपाखाडीकडची चार मजली जुनी सोसायटी आहे. एक ऑफर बारा मजल्यांची, दुसरी शेजारचा प्लॉट जोडून, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) लोड करून अठ्ठावीस मजल्यांची. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) आल्यापासून उंच जायला वाव वाढलाय, त्यामुळे दुसरी ऑफर आता बऱ्याच जणांच्या समोर येते.

आधी एक गोष्ट, उंची आणि एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) वेगळे. एफएसआय तेवढाच ठेवून उंच गेलात तर जमीन कमी व्यापते आणि खाली मोकळी जागा राहते, बिल्डर हे सांगतो आणि तत्त्व म्हणून ते खरंय. पण त्याच्या ड्रॉइंगमध्ये बघा, टॉवरखाली पोडियम पार्किंग (स्लॅब घालून केलेले पार्किंगचे मजले) असतं आणि ते जवळपास मार्जिनपर्यंत, म्हणजे प्लॉटच्या कडेला सोडायच्या जागेपर्यंत, पसरलेलं असतं, त्याखाली बेसमेंट, वर लॉन आणि कुंडीतली झाडं. स्लॅबवरच्या दोन-तीन फूट मातीत आंबा किंवा जांभूळ कधीच मोठा होणार नाही आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरणार नाही, ते सरळ गटारात जाणार. तलावांच्या शहरात हे मला फार लागतं. बारा मजल्यांतही बेसमेंट असू शकतं, पण फ्लॅट कमी म्हणून गाड्या कमी, त्यामुळे मागची-बाजूची जमीन खरी जमीन म्हणून वाचवता येते.

बांधकामाचा कार्बन. उंची वाढली की वाऱ्याचा आणि भूकंपाचा जोर घ्यायला कॉलम, शिअर वॉल (आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) जाड होतात, म्हणजे दर चौरस फुटामागे स्टील-सिमेंट वाढतं. एडिनबर्ग नेपियर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा २०२१ चा अभ्यासही हेच सांगतो, की दाट पण बेताच्या उंचीची वस्ती दाट आणि उंच वस्तीपेक्षा कमी कार्बन सोडते. इथे बारा मजले सरळ पुढे.

आता रोजचं लाइटबिल. पंपाची भीती सगळे घालतात, ती थोडी जास्तच आहे. चार माणसांना दिवसाला ५४० लिटर पाणी धरा, अठ्ठावीस मजल्यांसाठी ९० मीटर वर चढवायला पंपाची कार्यक्षमता निम्मीच धरली तरी घरटी साधारण पाव युनिट लागतं, बारा मजल्यांना त्याच्या निम्म्याहून कमी. फरक आहे पण निर्णय फिरावा इतका नाही. खरा फरक लिफ्ट, बेसमेंटचे पंखे, चोवीस तास जळणारे दिवे यांचा आणि सगळ्यात जास्त गच्चीचा. गच्चीवर २०० चौरस मीटर जागा सोलरला मिळाली तर २० किलोवॅट बसतं, दिवसाला ८० युनिटच्या आसपास. मजल्याला चार फ्लॅट धरले तर बारा मजल्यांत घरटी दीड युनिटच्या वर येतात, अठ्ठावीस मजल्यांत पाऊणच्या आत, कारण गच्ची तेवढीच आणि वाटेकरी दुपटीहून जास्त.

उकाड्याचं एकाच बाजूचं नाही. वरच्या मजल्यांना खाडीचा वारा मिळतो, खालचे फ्लॅट आणि शेजारच्या जुन्या बिल्डिंगी मात्र कोंडतात. उंच टॉवर बरेचदा मायवान पद्धतीने (अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून) बांधतात, भिंतीही काँक्रीटच्या, पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्री खोलीत उष्णता सोडते आणि मग एसी. बारा मजल्यांत एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) मागा, कमी तापतात.

पण टॉवरची एक बाजू खूप मजबूत आहे आणि ती विसरून चालणार नाही. स्टेशनपासून चालत अंतरावर शंभर कुटुंबं राहिली तर ती लोकलने जातात, तीच कुटुंबं इथे जागा नाही म्हणून बदलापूरच्या पुढे किंवा शिळफाट्याकडे गेली तर शेतजमीन, डोंगर आणि बाइक-गाडीचं पेट्रोल या सगळ्यावर भार पडतो. उंचीवर सरसकट बंदी घातली तर हा भार वाढतोच. म्हणून स्टेशनजवळ असाल तर मी टॉवरला विरोध करणार नाही, फक्त पार्किंग कमी करून घ्या, घराला दोन गाड्या देऊन स्टेशनजवळ उंच बांधण्यात अर्थच नाही. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रोडच्या आतल्या गल्ल्यांत मात्र बारा मजलेच, तिथे लोक गाडीनेच निघतात आणि पलीकडे नॅशनल पार्क आहे.

एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरला पोचलं की पर्यावरण मंजुरी लागते. ती लागत असेल तर अर्जातली कागदपत्रं मागून घ्या, झाडं किती तोडणार, किती दुसरीकडे लावणार, डेब्रिज कुठे जाणार हे त्यात लिहावं लागतं. आणि मतदानाआधी दोन्ही बिल्डरांकडून तळमजल्याचा आणि बेसमेंटचा प्लॅन घ्या, पोडियम आणि बेसमेंट सोडून जी माती उरते तेवढी पेन्सिलने रंगवा आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी नोटीस बोर्डवर लावा.